ज्वारीच्या न सोडलेल्या पिशव्या

एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो आणि वर्षाच्या आत बायको गेली. घरात बोलायला टीव्ही तेवढा उरला, आणि तो कुणाचं ऐकून घेत नाही. दोन्ही वेळा खानावळीचा डबा. दिवस संपता संपेना, म्हणून वडवणीतल्या धान्य बँकेत जायला लागलो.

आमची बँक म्हणजे एक पत्र्याचं गोदाम. मोंढ्यातले आडते पोती देतात, सुगीत शेतकरी पायली-दोन पायली ज्वारी आणून ओततात. आम्ही चाळतो, निवडतो, पिशव्या भरतो. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे गेल्या की गावं ओस पडतात, म्हातारी माणसं तेवढी मागे राहतात. दर पंधरा दिवसांनी त्यांच्या दारात ज्वारी, तूरडाळ आणि तेल पोचवायचं. एका वाडीची फेरी माझ्याकडे होती. पिशवी दिली की पुढचं दार, असा माझा खाक्या. दारोदार गप्पा मारत बसणाऱ्यांचा मला राग यायचा.

वाडीच्या टोकाला एक म्हातारी राहायची. मुलगा आणि सून उसाला गेलेले. ज्वारीची पिशवी ती दोन्ही हातांनी घ्यायची, कपाळाला लावायची आणि माझी मोटारसायकल दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी राहायची.

पाचव्या फेरीला तिला पिशवी उचलेना. मीच आत ठेवायला गेलो, तर भिंतीला आधीच्या चारही पिशव्या उभ्या. गाठी मी मारलेल्या तशाच. माझं डोकंच फिरलं. धान्य पडून राहिलं की नाव कमी करायचं, असा आमचा नियम होता, कारण दुसऱ्या कुणाच्या तरी घरी चूल पेटलेली नसते.

"मावशी, इकायला साठवलंय का? खायाचं न्हाई तर घेता कावून?" मी ओरडलोच.

ती भिंतीला टेकून खाली बसली. "गिरणीवाला बी उसाला गेलाय, भाऊ. जातं माझ्यानं ओढंना. घुगऱ्या शिजवाव्या तर दाढा न्हाईत. वरण पिऊन ऱ्हाते."

बाकीच्यांचं दळण कुणी ना कुणी तालुक्याला नेत होतं, हिचं नेणारं कुणी नव्हतं. आणि घराशेजारी गिरणी असलेल्या आम्हा शहाण्यांना हे कधी सुचलंच नाही. मला स्वतःची लाज वाटली, तरी आवाज चढाच होता. "मग सांगायचं न्हाई का?"

"नको म्हणलं असतं तर तुमी यायचे बंद झाला असता. दुसरं कोण येतंय इथं?"

पाचही पिशव्या गाडीला बांधून आणल्या. बँकेत भांडलो आणि तिचं नाव राखलं. ज्वारीचं पीठ फार दिवस ठेवलं की भाकरी थापताना तुटते, म्हणून थोडंथोडं दळून दर चार दिवसांनी मीच नेऊन देईन, असं तोंड वाकडं करून सांगितलं. खरं तर आत लई बरं वाटत होतं. ती भाकऱ्या थापायची, मी चुलीपुढे बसायचो. तव्यावरची भाकरी थेट ताटात येत होती, बायको गेल्यापासून पहिल्यांदाच. बायकोच्या शेवटच्या आजारपणाबद्दल मी कुणाशी चकार शब्द बोललो नव्हतो. या म्हातारीला सगळं सांगून बसलो.

उन्हाळा लागला तशा टोळ्या परतल्या. गिरणी सुरू झाली. यादीतून तिचं नाव मीच काढलं.

आठवडाभर कसाबसा घरात काढला आणि एका सकाळी गाडी काढून वाडीला गेलो. दारात सून आली. "कोण पायजे?"

"मावशी हायत का?"

"लेकीकडं गेल्यात. काय काम व्हतं?"

काम काय होतं ते सुचेना. "धान्य बँकेतून आलोय," एवढंच म्हणालो.

तिनं हात जोडले. "आता नगं आमाला, दादा. घरात समदं हाय."