छप्पर चालत गेलं तो दिवस

लग्न होऊन मी कामठ्याजवळच्या त्या गावात आले, तेव्हा गावाचा मालक असलेल्या मालगुजाराच्या खळ्याच्या कोपऱ्यात एक म्हातारी झोपडीत राहायची. जन्मभर तिने त्या घरचे पोहे कांडले होते. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. पुढे जुन्या मालगुजाराने गाव गोंदियाच्या एका शेटजीला विकलं. शेटजीला त्याच कोपऱ्यात धानाचं कोठार बांधायचं होतं. पावसाळ्याच्या आत जागा मोकळी कर, असा निरोप आला. माणूस दुष्ट नव्हता. म्हातारी जाणार कुठे, हा प्रश्न त्याला पडलाच नव्हता, इतकंच.

आम्ही बऱ्याच जणींनी तिला आपापल्या घरी बोलावलं. मीही म्हटलं, आमची ओसरी मोठी आहे. तिने मुसळ खाली ठेवलं आणि म्हणाली, "ओसरीवरची बाई अन् ओसरीवरचं कुत्रं, दोघाइले कोनीबी हाकलते. मले माही चूल पाह्यजे."

मला रागच आला. गरज हिला आणि तोरा केवढा! पण भात वेळताना तेच वाक्य डोक्यात घोळत राहिलं. परक्या घरात अंग चोरून राहणं काय असतं, ते नव्या सुनेला कोणी सांगावं लागत नाही.

बोडीच्या, म्हणजे गावच्या लहानशा तळ्याच्या, काठाला एक पडकी घरजागा रिकामी होती. सासरे गावचे पंच. ती शेटजीकडे मागा म्हणून सासूबाईंना हाताशी धरून मी त्यांच्या मागे लागले. घरात ते वाघ आणि शेटजीपुढे शेळी, तरी गेले बिचारे. शेटजी एवढंच म्हणाला, "देखेंगे." ताकास तूर लागू दिली नाही. आता बांधावं आणि उद्या त्याने मोडायला लावलं तर? दुसऱ्यांदा घर उभं करायला म्हातारीपाशी आयुष्य उरलं नव्हतं. पंच माना हलवत बसले. ती म्हणाली, बांधा.

आम्ही बायकांनी माती तुडवली, भिंती चढवल्या, त्या उन्हात वाळल्या. छप्पर नवं करायला ना लाकूड होतं ना ऐपत. म्हणून जुनंच उचलायचं ठरलं. पवारांचे, गोंडांचे, झाडून सगळे पुरुष आले. आडवे बांबू घातले, दोर आवळले, एकदम हाक दिली, आणि ते अख्खं छप्पर भिंतींवरून सुटलं. खालून उजेड दिसला तशी माझ्या अंगावर काटा आला.

मग ते चालायला लागलं. खाली नुसते पाय दिसत होते. बांधावरून डोकी फोडणारे, एकमेकांच्या हातचं पाणी न पिणारे, सगळे एका छपराखाली पाऊल जुळवत होते. पुढे म्हातारी, वाटेतल्या कोंबड्या हाकलत. एवढं नवल मी पुढे गोंदियाला आगगाडी पाहिली तेव्हाही वाटलं नाही.

छप्पर बसलं, पण शेटजीचा होकार अजून नव्हताच. सगळ्यांच्या मनात तीच धाकधूक. चूल पेटवायला मी घरून विस्तव आणते म्हटलं, तर तिने मला थांबवलं. एक खापर उचललं आणि सरळ मालगुजाराच्या जुन्या वाड्याकडे निघाली; शेटजी आता तिथेच राहायला आला होता. मी मागोमाग.

गावाने एखाद्याला वाळीत टाकलं, की आधी त्याचा विस्तव बंद होतो. आणि ज्याला विस्तव मिळतो, तो गावचा. हे शेटजीलाही ठाऊक होतं. तो दारातच उभा होता. ती त्याच्याशी बोललीच नाही. आत बसलेल्या त्याच्या म्हाताऱ्या आईला म्हणाली, "माय, बोडीवर नवी चूल मांडून राहिली. इस्तो दे."

आई उठली. डोक्यावरचा पदर पुढे ओढत चुलीपाशी गेली. निखारे आणून खापरात घातले, वर शेणीचा तुकडा ठेवला. मुलगा दार अडवून उभाच. तेव्हा आई त्याला म्हणाली, "बेटा, बाजू हो. हवा लगने दे."

तो बाजूला झाला.

माझे डोळे भरून आले. म्हातारी मात्र फुंकर घालत उंबरा उतरली. तिने आभार मानले नाहीत. आमच्याकडे विस्तवाचे आभार कोणी मानत नाही.