वाइनमधला धूर

गॅस कंपनीत मी बावीस वर्षं गळती शोधतोय, त्यामुळे स्वतःच्या नाकावर माझा भलताच विश्वास. म्हणूनच व्याही-विहीणबाई पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मी बायकोला बाहेरच्या खोलीत पाहुण्यांपाशी बसवलं आणि मासे तळणं नि त्यांना साजेशी व्हाइट वाइन आणणं, दोन्ही कामं अंगावर घेतली. मासे तव्यावर टाकले आणि येऊन बाटली उघडली.

ग्लास गोल फिरवून त्यात नाक खुपसलं. "आधी लिंबू," मी व्याह्यांना म्हणालो, "मग हिरवं सफरचंद. आणि मागून हलकासा धूर. लाकडी पिंपात मुरवल्याचा गुण बरं का!"

व्याह्यांनीही हुंगलं. "खरंच की! धूर चांगलाच जाणवतोय."

मला चेव आला. "थांबा, जरा हवा लागू द्या. अजून खुलेल."

खुलला. इतका खुलला, की व्याह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि विहीणबाई खोकायला लागल्या. बायको आत गेली आणि तवा घेऊन परतली. त्यावर चार कोळसे होते.

"अहो," ती म्हणाली, "हे घ्या तुमचं लाकडी पिंप."