पोटातले घोडे

वैशाख, १९९६. नणंदेचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि मी धुळ्याच्या आमच्या गच्चीवर रुखवतासाठी ज्वारीचे बिबडे, आमच्याकडचे पापड, घालत होते. खाली अंगणात पारोळ्याचे पाहुणे बसले होते. नवऱ्या मुलाचे थोरले काका, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते वरातीचं ठरवायला आले होते. त्यांचं आणि माझ्या सासऱ्यांचं बोलणं मला वर ऐकू येत होतं.

आबा म्हणाले, वरात बग्गीतून निघाली पाहिजे, सुपारी फोडतानाच ठरलं आहे. नाना, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, बग्गी तयार आहे. आबांनी विचारलं, घोडे कुठून आणले?

"तिना घोडा पोटमा शेतस, आबा," नाना म्हणाले.

आबा हसले. घोडे बग्गीच्या पोटात आहेत, ही नानांची थट्टाच असं त्यांना वाटलं. नाना खरं तेच सांगत होते.

आमच्या घरात बग्गी म्हणजे मोटार. परदेशातल्या एका फार बड्या कंपनीची, संस्थानिक लोक घेत तसली. कंपनीचं नाव कुणाला नीट उच्चारता येत नव्हतं, तोंडात बसलं ते बग्गी. नाना ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, तिच्या मालकांच्या शेडमध्ये ती कैक वर्षं पडून होती. कंपनी बंद पडलेली, सुटे भाग मिळेनात. मालकांनी ती नानांना देऊन टाकली. पुढे एकदा पेपरात आलं की तिकडे ती कंपनी कुणीतरी पुन्हा सुरू केली आहे. नानांनी लगेच इकडे शेडचं दार उघडलं. ट्रॅक्टरचे, जीपचे, मिळतील ते भाग घासून बसवले आणि गाडी चालती केली. तीन-चार वर्षं धुळ्यातले नवरदेव तिच्यातून मिरवले. मग गल्लीगल्लीत मारुती गाड्या आल्या आणि आमच्याकडे कुणी येईना. त्याच सुमारास ती कंपनीही परत बंद पडल्याची बातमी आली. नानांनी वाचली आणि पेपराची घडी घातली.

"तेस्नं बंद पडनं. आपलं चालू शे," एवढंच म्हणाले.

आपला जावई या गाडीतून मांडवात यावा, एवढी एकच गोष्ट त्यांना त्या लग्नात हवी होती. हुंडा, मानपान, जेवण, बाकी सगळं त्यांनी आमच्यावर सोडलं होतं.

आबांचा गैरसमज मला वर कळला होता, पण मी बिबडे टाकून तो दूर करायला खाली गेले नाही. जायला हवं होतं की नाही, याचा मी फार विचार केलेला नाही. ऊन चढत होतं आणि पीठ फार आंबून गेलं असतं.

लग्नाच्या दिवशी नवरदेव मारुतीच्या देवळातून पाया पडून बाहेर आला. समोर झेंडूच्या माळा घातलेली मोटार आणि स्टिअरिंगच्या चाकामागे कोसा फेटा बांधून बसलेले नाना. आबा मागे-पुढे पाहू लागले. घोडे कुठे आहेत, म्हणाले. कळल्यावर त्यांचा आवाज चढला. मोटारीतच बसायचं तर आमची मारुती काय वाईट होती, पारोळ्यात सगळ्यांना बग्गी सांगून ठेवली आहे. नवरदेव मात्र शहाणा निघाला. सरळ आत जाऊन बसला. बँड सुरू झाला.

आमच्याकडची वरात मुंगीच्या पावलानं चालते. बँडपुढे नाचणारे एका चौकात पाऊण तास घालवतात. ती गाडी रस्ता पळायला केलेली. असं रांगणं तिच्या इंजिनाला कधीच मानवलं नव्हतं, त्यात अर्धा ट्रॅक्टर बसवलेला, आणि अलीकडे ती नुसती उभीच होती. दुसऱ्याच वळणावर बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली.

आबा पुढे आले, काचेशी वाकले. "नाना, पोटमाना घोडा मरी ग्यात का?"

सगळी वरात हसली. त्या हसण्याचं मला काही वाटलं नाही, पण हे वाक्य नणंदेच्या आधी पारोळ्याला पोहोचणार आणि तिला ते जन्मभर ऐकावं लागणार, हे मला दिसत होतं. रस्त्याकडेला एक बैलगाडी कडबा उतरवत होती. मी नवऱ्याला म्हटलं, ती बैलं मागून आणा. त्यांनी जू सोडवून आणलं, बंपरला नाडा बांधला. नाना दार उघडून उतरायला लागले. सासऱ्यांशी चारचौघांत बोलायची आमच्याकडे रीत नाही, पण मी पुढे झाले.

"नाना, पोरगी मांडवात बसली आहे. उतरू नका. फक्त चाक धरा."

नानांनी बाहेर टाकलेला पाय आत घेतला. मग दार ओढून घेतलं.

बैलांनी मोटार मांडवापर्यंत आणली. आबा खूश. आता झाली बग्गी, असं ते जेवणाच्या पंगतीतही सांगत होते. नाना व्याह्यांना वाढायला स्वतः उभे राहिले. फेटा त्यांनी केव्हा काढून ठेवला ते मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंदखेड्याचे एक गृहस्थ दारात उभे. त्यांच्या मुलाच्या लग्नाला कालच्यासारखीच गाडी हवी होती, बैलांसकट. नाना आतल्या खोलीत चहा घेत होते. मी जरा मोठ्यानंच सांगितलं की गाडीचं इंजिन दुरुस्तीला काढलं आहे आणि आम्ही ती बैलांनी ओढायला देत नाही. गृहस्थ गेले. मग मी मांडववाल्याची पातेली घासायला घेतली.