फाइलमधून काढलेलं पान

माझ्या नवऱ्याला वाटतं, मी बेसबॉलची नोकरी सोडली ती बसच्या प्रवासांना कंटाळून. इथल्या, अमेरिकेतल्या अल्फारेटा गावच्या मराठी मंडळींनाही मी हेच सांगितलंय. काकू लोक म्हणतात, बरं झालं बाई, सुटलीस. सुटले? खरं कारण मी आजवर कुणापाशी उघड केलेलं नाही. आज तुमच्यापाशी करतेय — आणि एवढं लिहिता लिहिताच दोनदा उठून चहा करून आलेय.

मी नागपूरची, फिजिओथेरपिस्ट. जॉर्जियात मास्टर्स केलं आणि २००५ साली एका छोट्या गावच्या व्यावसायिक संघात असिस्टंट ट्रेनर म्हणून लागले. ट्रेनर म्हणजे तिथे खेळाडूंची दुखणी बघणारी. बाबांनी फोनवर विचारलं होतं, मालिश करायला अमेरिकेला गेलीस का. फार लागलं होतं ते मला. म्हणून रामोन पहिल्याच आठवड्यात मला 'डॉक' म्हणाला, तेव्हा — मी डॉक्टर नव्हे रे बाबा, असं म्हणाले खरं, पण आतून किती सुखावले होते.

रामोन आमचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. डोमिनिकन, सत्तावीस वर्षांचा. वरच्या, मोठ्या लीगमधल्या संघात जायची ही शेवटची संधी, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. सांगितलेला व्यायाम कधी चुकवायचा नाही. दाराच्या कडीला रबरी पट्टा बांधून रोज सकाळी खांद्याचे, कोपराचे व्यायाम करायचा, आणि झाले की माझ्या डब्याबरोबरचं लिंबाचं लोणचं मागायचा. बरणीचं झाकण माझ्याच्याने उघडायचं नाही. तोच उघडून द्यायचा.

जुलैत एका सकाळी त्याने बरणी तशीच परत केली. हसत म्हणाला, आज तू उघड.

मी त्याला टेबलावर बसवलं. शेवटच्या दोन बोटांना मुंग्या, पकड ढिली, कोपराच्या आतल्या बाजूला दाबलं की डोळे मिटून घ्यायचा. याचा अर्थ मला कळत नव्हता का? चांगला कळत होता. मी लिहिलं, माझ्याच अक्षरात — कोपरातला लिगामेंट फाटला असावा, एमआरआय हवा, दोन दिवस फेकणं बंद, व्यायामही बंद. खाली सही केली. त्यालाही सांगितलं, दोन दिवस या हाताला काम नाही. त्याने मान डोलावली.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. एकच दुखणं दोनदा लिहिलं जायचं. आतल्या फाइलमध्ये खरं, आणि बाहेर पेपरवाल्यांसाठी वेगळं. बाहेर कुणाचं काही फाटत नसे, नुसता 'थकवा' असे. रविवारी अल्फारेटाला कुणा काकांनी एखाद्या खेळाडूबद्दल विचारलं, की मी ऐटीत म्हणायची, सांगता येत नाही काका, पॉलिसी आहे. पेपरवाल्यांनाही हे माहीत असतं, त्यात कुणाचं काय बिघडतं — अशी मी माझी समजूत घातली होती. फाइलमध्ये तर खरंच असायचं ना.

तिसऱ्या दिवशी, एमआरआय व्हायच्या आधीच, कळलं, रामोनला दुसरा क्लब मागतोय. एक खेळाडू घ्या, एक द्या, असा व्यवहार. आणि तिकडे थेट वरच्या संघात. तो इतका खूश होता, की आपलं दुखणं तो स्वतः सांगणार नाही हे उघड होतं. म्हणूनच तर ते सांगायचं काम माझं होतं. हेड ट्रेनरने त्याची फाइल माझ्यासमोर टाकली, तिकडे पाठवायची होती. माझं पान उघडून त्याने विचारलं, "हे लागणार आहे का?" आणि तो जेवायला निघून गेला.

बस, एवढंच. काढ म्हणाला नाही. धमकी नाही. माझ्या व्हिसाचे कागद त्या आठवड्यात क्लबच्या वकिलाकडे होते, त्याचाही उल्लेख नाही. तो विचार माझा मीच केला. आणि पान काढलं, घडी घातली, पर्समध्ये ठेवलं.

संध्याकाळी तिकडच्या ट्रेनरचा फोन आला. रामोननेच माझं नाव दिलं होतं — माझ्या हाताबद्दल तिला विचारा, तिच्याएवढं कुणाला माहीत नाही. फाइल मिळाली, तो ट्रेनर म्हणाला, त्यात नाही असं आणखी काही?

"नाही," मी म्हणाले. "थोडा थकवा आहे."

पेपरवाल्यांसाठीचा शब्द. किती सहज आला तोंडात.

तिकडे तिसऱ्याच सामन्यात त्याचं कोपर गेलं. मी टीव्हीवर बघत होते. तो हात पोटाशी धरून चालत बाहेर गेला.

तुम्हाला वाटेल, कबूल करायचं होतं ते हेच. एवढंच असतं तर मी कदाचित नवऱ्याला तरी सांगितलं असतं.

ऑपरेशननंतर, हिवाळ्यात, रामोनचा फोन आला. मी दुकानात भाजी निवडत होते. पहिल्यासारखा हात आता होणार नाही, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. तो रागावलेला नव्हता — रागावला असता तर फार बरं झालं असतं. तो स्वतःची चूक शोधत होता. म्हणाला, जुलैत दोन दिवस मी पट्ट्याचे व्यायाम केलेच नाहीत. का केले नाहीत, ते त्या जाण्याच्या गडबडीत काही आठवत नाही.

"डॉक, त्यामुळे झालं का?"

मला आठवत होतं. मीच बंद केले होते. तसं लिहिलेलं पान घरी माझ्या कपाटात होतं. एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक.

मी म्हणाले, "असेल. ते चुकवायचे नसतात."

तो मग म्हणाला, "सॉरी, डॉक." आणि मी — मी त्याला म्हटलं, ठीक आहे. माफ केल्यासारखं.

व्हिसा झाला. पुढच्या सीझनला मी नोकरी सोडली. ते पान अजून माझ्याकडे आहे.

जुन्या संघातला एक जण परवा भेटला. रामोन आता त्याच्या गावी मुलांना चेंडू फेकायला शिकवतो म्हणाला. फार कडक आहे. कुणी एक दिवस व्यायाम चुकवला, की त्याला समोर बसवतो, बाही वर करून कोपरावरचा व्रण दाखवतो आणि सांगतो, मी दोनच दिवस चुकवले होते.