दोन खुर्च्या, एक नळ

महिनाभर आमच्या नळाला थेंब नव्हता. खडकवासला भरून वाहतंय असं पेपरात यायचं, आणि इकडे सत्तरीची माझी अम्मी कोपऱ्यावरच्या नळावरून कळशा भरून आणायची. मला हात लावू द्यायची नाही. "तू अर्धं पाणी रस्त्यात सांडतोस," म्हणायची. तिचे सुजलेले गुडघे बघून माझा नुसता संताप व्हायचा.

शेजारी राहणाऱ्या माझ्या मित्राने तर पणच केला : पाणी येईपर्यंत दाढी करणार नाही! महापालिकेला त्याने काय घाम फुटणार होता, देव जाणे. तो शाळेत मराठी शिकवणारा, घरात सोवळं-ओवळं पाळणारा ब्राह्मण. मी शनिवार पेठेत पुस्तकं बांधणारा मुसलमान, दाढी रोजच्या रोज गुळगुळीत. दोघांच्या घरांत मिळून नळ एक.

निवडणूक आली. दुसऱ्या पेठेतून आणलेल्या एका उमेदवाराने सर्वधर्म सभा ठेवली. आम्ही दोघं नळाचा अर्ज घेऊन गेलो. स्टेजवर प्रत्येक धर्माची एकेक खुर्ची, वर पाटी. नेमके दोन प्रतिनिधी आले नव्हते. कार्यकर्ता घामाघूम. त्याने मित्राची दाढी पाहिली, डोक्यावर जाळीची टोपी चढवली आणि 'मुस्लिम'वर बसवलं. माझ्या कपाळावर गंध ओढून मला 'हिंदू'वर. विचारायची पद्धतच नव्हती.

मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "बस गुपचूप. अर्ज द्यायचाय ना?"

त्याला आधी बोलायला लावलं. गडी "आदाब" म्हणाला आणि पुढे त्याचं उर्दू संपलं. मग वर्गात बोलतो तसं सुरू झालं : "नागरिकांची ही अक्षम्य उपेक्षा..." उमेदवाराने माइक ओढून घेतला. "बघा, बघा! यांचं मराठी किती शुद्ध आहे! शिका जरा!" टाळ्यांचा कडकडाट. तीस वर्षं मुलांचं मराठी तपासणारा माणूस लाजेने लालबुंद. मी रुमालात तोंड खुपसून हसत होतो.

मग मी उठलो, दोन वाक्यांत नळाचं सांगितलं आणि अर्ज पुढे केला. उमेदवाराने तो न वाचताच घडी घालून खिशात टाकला. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, तुमचं काम आठवड्यात होईल. आपल्या माणसांचं आधी. त्या दाढीवाल्याला नुसतं हो-हो म्हणायचं. त्या लोकांना फार लाडावून चालत नाही."

हसू कुठल्या कुठे पळालं. 'त्या लोकांतला' मीच, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण डोळ्यांसमोर अम्मीचे गुडघे होते.

"बरं," मी म्हणालो. फक्त एवढंच. माझी मलाच इतकी लाज कधी वाटली नव्हती.

परतताना मित्र रस्ताभर खिदळत होता. टोपी खिशात कोंबून म्हणाला, "काय रे, तो तुझ्या कानात काय कुजबुजला?"

"आठवड्यात पाणी येईल म्हणाला."

"बघ! शेवटी माणूस बरा निघाला," तो म्हणाला.

"हो," मी म्हणालो, आणि रुमालाने कपाळ खसाखसा पुसत राहिलो.