मुलाच्या चुका

चांदवडच्या शाळेत मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. नाशिकहून रोज एसटीनं जायचे. पोरं माझ्या पाठीमागे म्हणायची, "मॅडम लय कडक हाय!" होतेच मी कडक. घरीसुद्धा तीच मॅडम. माझा मुलगा गणितात पहिला, पण स्पेलिंगच्या नावानं बोंब. त्याच्या वहीवर लाल पेन फिरवताना मला कधी दयामाया आली नाही.

आमचे हे गेले तेव्हा तो परदेशातून आला. दिवस झाले आणि परत निघाला. मी आपली बोलतेच आहे, बॅग अशी भरतात का, लग्न असं परस्पर ठरवतात का. दारात उभा राहून तो म्हणाला, "आई, जन्मभर माझ्या चुकाच काढल्यास. आता बास. मला फोन करू नकोस." म्हटलं, रागाच्या भरात बोललाय, येईल फोन. नाही आला. मी केला तर उचलला नाही.

मग एकदा वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची सून म्हणाली, "काकू, तुमच्या मुलानं बनवलेलं सॉफ्टवेअर आम्ही ऑफिसात वापरतो. फुकट असतं ते, सगळ्यांसाठी खुलं. ते कसं वापरायचं याची माहितीही तोच लिहितो. कुणाला चूक दिसली तर दुरुस्ती पाठवता येते." तिनं मोबाइलवर ती पानं दाखवली. सॉफ्टवेअर मला कप्पाळ कळतंय! पण दुसऱ्याच ओळीत स्पेलिंगची चूक दिसली. चौथीत करायचा तीच. घोड्या, अजून तसाच आहेस! मला एकदम रडूच आलं.

तिच्याकडून सगळं शिकून घेतलं. भलतंच टोपणनाव घेतलं आणि एक दुरुस्ती पाठवली. सकाळी त्याचं उत्तर, "मनापासून धन्यवाद." मला! आईला त्यानं कधी धन्यवाद म्हटल्याचं आठवत नाही.

चुका ढीगभर होत्या. एका बैठकीत सगळ्या काढल्या असत्या, पण मग धन्यवादही एकदाच आला असता. म्हणून मी पुरवून पुरवून पाठवायचे, लोणच्याची बरणी पुरवतात तशी. आज एक, मग चार दिवसांनी दुसरी. तो दर वेळी दोन शब्द लिहायचा. मीच तुझी आई, असं लिहायला बोटं शिवशिवायची. पण मग हेही दार लागलं तर? म्हणून गप्प बसायचे. मी, गप्प! शाळेतल्या कुणाला खरं वाटणार नाही.

एकदा आठवडाभर उत्तर नाही. मग त्यानं लिहिलं, "उशीर झाला, माफ करा. मुलगी आजारी होती."

मुलगी? म्हणजे मी आजी झाले होते आणि मला पत्ताच नव्हता. काय झालंय पोरीला? ताप आहे का? खाते का काही? परक्या माणसानं किती विचारायचं असतं? "काळजी घ्या," एवढंच लिहिलं. देवापुढे दिवा लावला, पण कुणाच्या नावानं हात जोडायचे तेही कळेना.

गेल्या महिन्यात त्याचा निरोप आला. आता स्पेलिंग तपासायला एक प्रोग्राम बसवलाय, चूक राहिली तर पान पुढे जातच नाही. खाली लिहिलं होतं, "माझ्या चुका इतक्या मायेनं कुणीच दाखवल्या नव्हत्या. तुम्हाला फार त्रास दिला, आता आराम करा."

मेल्या, असा कसा रे तू! मला राग आला, हसूही आलं. मग लिहिलं, "तुमची मुलगी बरी आहे ना?"

"एकदम बरी. धन्यवाद," असं उत्तर आलं आणि त्यानं ते संभाषण बंद केलं. काम संपलं की बंद करतात, तशी पद्धतच आहे म्हणे, वरची सून म्हणाली. खाली लिहायची जागाच राहिली नाही.

तरी रोज सकाळी मी त्याची पानं उघडते. चष्मा पुसून पुसून, ओळीवर बोट ठेवून वाचते. एकही चूक सापडत नाही. आणि माझ्या नातीचं नाव काय, ते मला अजून माहीत नाही.