उभा खण

नाशिक रोडच्या आमच्या क्वार्टरमध्ये केरसुणी-खराट्यांसाठी मांडणी करायला एक सुतार आला होता. कानावर पेन्सिल, गालात सुपारी. हात थांबले तरी जीभ थांबत नसे. लक्ष्मी आडवीच ठेवायची, म्हणून त्याने सगळे खण आडवे केले आणि कडेला एकच उभा.

"हा कशाला?" मी विचारलं.

"चिकट पाव्हन्यांसाठी. केरसुनी उभी केली का मानूस उठतोच. लय गुनकारी हाय."

काम संपलं, रेडिओवरच्या संध्याकाळच्या बातम्याही संपल्या, तरी तिसऱ्या चहावर त्याच्या गप्पा चालूच. शेवटी बायकोने गुपचूप केरसुणी त्या उभ्या खणात ठेवली.

त्याने ते पाहिलं. करवत पिशवीत टाकून लगेच उठला आणि खुशीत म्हणाला, "बगा वैनी, पहिल्याच दिवशी लागू पडलं!"